उपनगरांतील जुने ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे व त्यांचे रंगकाम : आरोग्य व सुरक्षिततेच्या दृष्टीने एक विवेचन

सारांश

मुंबईच्या पूर्व व पश्चिम उपनगरांतील चाळी, वस्त्या, बैठी घरे आणि कारखान्यांच्या शेड यांवर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे मोठ्या प्रमाणावर आढळतात. गळती थांबावी, उन्हाचा ताप कमी व्हावा आणि घर नीटनेटके दिसावे या हेतूंनी या पत्र्यांना रंग दिला जातो. रंग देणे ही क्रिया मुळात घातक नाही. रंगापूर्वी पत्रा कोरडा घासणे व खरवडणे आणि रंगकामासाठी त्यावर चढणे या क्रिया घातक आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्या अनुषंगाने पत्र्याची घडण, तंतूंचे शरीरावरील परिणाम, रंगकामाची सुरक्षित पद्धत, कचऱ्याची विल्हेवाट आणि जबाबदारीचा प्रश्न यांचा येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : ॲस्बेस्टॉस-सिमेंट, पन्हाळी पत्रा, रंगकाम, व्यवसायजन्य आजार, नाका कामगार, मुंबई उपनगरे.

१. प्रस्तावना

‘सिमेंटचा पत्रा’ हा शब्द मुंबईच्या उपनगरांत इतका रूढ आहे की, त्या पत्र्यात सिमेंटबरोबर आणखी काय असते हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. घाटकोपरच्या टेकडीवरील वस्त्या, मुलुंड व बोरिवलीतील जुन्या चाळी, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील शेड अशा सर्व ठिकाणी हा करडा पन्हाळी पत्रा दिसतो. तो केवळ छपरावर असतो असेही नाही. खोलीवर चढविलेल्या पोटमाळ्याची बाहेरची भिंत, खिडकीवरील छज्जा, जिन्यावरील आच्छादन, गच्चीवरील पावसाळी शेड आणि पावसाचे पाणी उतरविणारे जुने नळ यांतही हाच पदार्थ असू शकतो. पाश्चात्त्य देशांत जुन्या घरांच्या बाह्य भिंतींवर ठोकलेल्या ॲस्बेस्टॉसच्या फळ्यांना रंग कसा द्यावा, हा प्रश्न घरमालकांना पडतो. आपल्याकडे तोच प्रश्न प्रामुख्याने छपराच्या रूपाने उभा राहतो आणि छपरावर चढावे लागत असल्याने तो अधिक बिकट होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे १६ टक्के कुटुंबांच्या घरांचे छप्पर पत्र्याचे होते. मात्र जनगणनेच्या वर्गवारीत लोखंडी, अन्य धातूचे व ॲस्बेस्टॉसचे पत्रे एकाच गटात मोजले जातात. त्यामुळे नेमकी किती कुटुंबे ॲस्बेस्टॉसखाली राहतात हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. ज्या गोष्टीची स्वतंत्र मोजदाद होत नाही, तिच्याविषयी स्वतंत्र विचारही होत नाही, याचे हे एक उदाहरण मानावे लागेल.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा जुना झाल्यावर त्यात कोणते बदल होतात हे स्पष्ट करणे.
२) कोणत्या स्थितीतील पत्र्याला रंग द्यावा व कोणत्या स्थितीत देऊ नये यांचे निकष मांडणे.
३) रंगकामाची सुरक्षित पद्धत विशद करणे.
४) या कामातील धोका कोण सोसतो व जबाबदारी कोणाची, याची चर्चा करणे.

२. उपनगरे आणि ॲस्बेस्टॉस : पार्श्वभूमी

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून मिळणारे तंतुमय खनिज आहे. उष्णता, आम्ल व घर्षण यांना ते दाद देत नाही आणि त्याचे तंतू कापसाप्रमाणे पिंजता येतात. विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन उद्योजकाने हे तंतू सिमेंटमध्ये मिसळून पातळ पण मजबूत पत्रे तयार करण्याची प्रक्रिया सिद्ध केली. हाच पत्रा पुढे जगभर पसरला. भारतात १९३४ साली ब्रिटनमधील टर्नर अँड न्यूवॉल या उद्योगसमूहाशी निगडित असलेली ॲस्बेस्टॉस-सिमेंट कंपनी स्थापन झाली. पुढे ‘एव्हरेस्ट’ या नावाने ती ओळखली गेली. तिचा एक कारखाना मुलुंड येथे होता. घाटकोपर येथे लालबहादूर शास्त्री मार्गावर हिंदुस्थान फेरोडो, म्हणजेच नंतरच्या हिंदुस्थान कंपोझिट्स, या कंपनीच्या कारखान्यात ब्रेकची अस्तरे व ॲस्बेस्टॉसयुक्त वस्तू तयार होत असत. म्हणजे आपल्या उपनगरांनी हा पदार्थ केवळ वापरला नाही, तर येथील कामगारांच्या हातून तो घडलाही.

त्याची किंमतही येथेच मोजली गेली. मुंबईतील ‘ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर’ या कामगार संघटनांच्या आधाराने चालणाऱ्या केंद्राशी संबंधित डॉक्टरांनी घाटकोपरच्या कारखान्यातील कायम कामगारांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००५ साली ‘एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २३२ कायम कामगारांपैकी १८१ जणांनी तपासणीत भाग घेतला आणि त्यांतील पाचांमागे एकाहून अधिक कामगारांना ॲस्बेस्टॉसिस हा फुप्फुसांचा आजार असल्याचे आढळले. अशा रुग्णांचे निदान अनेकदा क्षय किंवा जुना खोकला असे केले जाते आणि परिणामी ते भरपाईला मुकतात, याकडेही या अभ्यासाने लक्ष वेधले.

कारखान्यातील कामगार आणि पत्र्याच्या घरात राहणारे कुटुंब यांच्या संपर्कात फार मोठा फरक आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कारखान्यात सुटे तंतू वर्षानुवर्षे हाताळले जातात. घरावरील पत्र्यात ते सिमेंटमध्ये जखडलेले असतात. धड पत्र्याखाली राहणे आणि ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करणे या दोन गोष्टी एका मापाने मोजणे योग्य ठरणार नाही. परंतु पत्रा घासणारा रंगारी त्या काही तासांपुरता पहिल्या अवस्थेतून दुसरीकडे सरकतो. लेखाचा मुख्य मुद्दा येथूनच सुरू होतो.

३. तंतूंचे स्वरूप व शरीरावरील परिणाम

आपल्याकडील पत्र्यात साधारणपणे आठ ते दहा टक्के पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल असतो. उर्वरित भाग सिमेंट, राखेची भुकटी व कागदाचा लगदा यांचा असतो. तंतूंच्या मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार पाच मायक्रॉनहून लांब, तीन मायक्रॉनहून बारीक आणि रुंदीच्या किमान तिप्पट लांबी असलेला तंतू श्वसनाच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाडीचा असतो. यावरून हा तंतू डोळ्यांना दिसणार नाही, हे सहज ध्यानात येईल. उडणारी धूळ दिसत नाही म्हणून हवा स्वच्छ आहे, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही.

फुप्फुसात खोलवर गेलेला तंतू शरीराला सहजासहजी विरघळविता येत नाही. त्यातून कालांतराने फुप्फुसे ताठर होणे म्हणजे ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग उद्भवू शकतो. रिचर्ड डॉल यांनी १९५५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाचे वाढलेले प्रमाण दाखवून दिले. लंडनमध्ये न्यूहाउस व थॉम्पसन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेसोथेलिओमाच्या रुग्णांत कारखान्यात कधीही काम न केलेल्या व्यक्तीही होत्या. कोणी कारखान्याच्या परिसरात राहत होते, तर कोणाच्या घरातील माणूस कामाचे कपडे अंगावर घेऊन घरी येत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात केला आहे.

या आजारांची दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. पहिले म्हणजे संपर्क आणि आजार यांत बहुधा वीस ते चाळीस वर्षांचे अंतर असते. दुसरे म्हणजे धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. कामाच्या मधल्या सुट्टीत विडी ओढणारा रंगारी या दोन्ही धोक्यांना एकाच वेळी सामोरा जात असतो.

४. पत्रा जुना होतो म्हणजे काय होते?

पत्र्यातील तंतू सिमेंटच्या बंधामुळे जागच्या जागी राहतात. हा बंध पावसाळ्यागणिक थोडाथोडा सैल होतो. पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि ते पृष्ठभागावरील चुनायुक्त संयुगे विरघळविते. सांताक्रूझ वेधशाळेची पावसाळ्यातील सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास आहे. इतक्या पाण्याखाली दोन-तीन दशके काढलेल्या पत्र्याची वरची त्वचा झिजते, खरखरीत होते आणि तंतूंची टोके उघडी पडतात. त्या खरखरीत पृष्ठावर शेवाळ धरते. शेवाळ ओलावा धरून ठेवते आणि झीज आणखी वाढविते. पागोळ्यांखाली पन्हळीत जो करडा गाळ साचतो, त्यात सुटलेले तंतू असू शकतात.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. अन्य देशांत ‘जुना पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉसचा आणि नवा म्हणजे निर्धोक’ असा ढोबळ नियम लावता येतो, कारण तेथे बंदीचे निश्चित वर्ष आहे. उदाहरणार्थ, युरोपीय संघात २००५ पासून ही बंदी लागू आहे. भारतात मात्र क्रिसोटाइलच्या पत्र्यांवर सरसकट बंदी नसल्याने अलीकडे खरेदी केलेला पत्राही ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. लगदा व कृत्रिम धागे वापरलेले ॲस्बेस्टॉसविरहित पत्रेही बाजारात आहेत; परंतु केवळ पाहून किंवा वाजवून दोन्हींतील फरक खात्रीने ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. तशी तपासणी झाली नसेल तर पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून काम करणे हाच व्यवहार्य मार्ग होय.

५. रंग केव्हा द्यावा व केव्हा देऊ नये

रंगाचा थर पृष्ठभागावरील तंतूंना बांधून ठेवतो आणि पावसाचे पाणी सिमेंटपर्यंत पोहोचू देत नाही. त्यामुळे धड पत्र्याचे आयुष्य वाढते. पांढऱ्या परावर्तक रंगाने उन्हाळ्यात खोलीतील तापमान काही अंशांनी कमी होते. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा स्वीकारला आणि पुढे त्यात शीत छपरांचा समावेश केला. तेव्हापासून ही कल्पना इतर शहरांतही चांगलीच रुजली आहे. पत्र्याखालची खोली दुपारी तापते तेव्हा आजारी व वृद्ध माणसांचे काय हाल होतात हे उपनगरांत वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणून रंगकामास विरोध करणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु छपरे पांढरी करण्याच्या उपक्रमात ‘आधी पत्रा घासून स्वच्छ करा’ अशी सूचना सरसकट दिली जाते, तेव्हा ती ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यालाही तशीच लागू करणे अनर्थकारक आहे.

निर्णयासाठी पत्र्याच्या तीन अवस्था मानता येतील.

(अ) धड पत्रा : पृष्ठभाग घट्ट आहे, तडे नाहीत, कडा शाबूत आहेत. पुढे दिलेल्या पद्धतीने यास रंग देता येतो.

(आ) झिजलेला पण अखंड पत्रा : हात फिरविल्यास खरखरीत लागतो व शेवाळ आहे, पण तुकडे सुटत नाहीत. यावर ब्रशने घासकाम करू नये. आत मुरणारा बंधक प्रायमर हलक्या दाबाने फवारून प्रथम तंतू जखडावेत व नंतरच रंग द्यावा.

(इ) ठिसूळ पत्रा : तडे गेले आहेत, कडांचे थर सुटले आहेत किंवा बोटाला पिठासारखी भुकटी लागते. यास रंग देऊ नये. रंगाने तो मजबूत होत नाही. केवळ मजबूत दिसतो. तो अखंड स्थितीत उतरवून बदलणे हाच उपाय आहे.

तिसऱ्या अवस्थेतील फसगत विशेष गंभीर आहे. ताजा रंग तडे झाकतो आणि पुढच्या वर्षी केबलवाला अथवा गळती काढणारा माणूस निर्धास्तपणे त्यावर पाय ठेवतो.

६. रंगकामाची सुरक्षित पद्धत

६.१ ऋतूची निवड

आपल्याकडे छपराची डागडुजी मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर करण्याचा प्रघात आहे. नेमक्या त्याच वेळी पत्रा सर्वांत कोरडा असतो, शेवाळ वाळून भुकटी झालेली असते आणि तापलेल्या पृष्ठावर पाण्यात मिसळणारा रंग नीट बसण्यापूर्वीच सुकतो. त्याऐवजी पाऊस परतल्यानंतर, म्हणजे साधारण दसरा-दिवाळीनंतर हे काम हाती घेणे श्रेयस्कर ठरते. तेव्हा चार महिन्यांच्या पावसाने पत्रा धुतलेला असतो, शेवाळ ओलसर असते आणि पुढे कोरडे दिवस मिळतात. कामाची वेळ सकाळची ठेवावी आणि वारा जोराचा असेल त्या दिवशी काम करू नये.

६.२ पूर्वतयारी

काम चालू असताना घरातील माणसांनी, विशेषतः मुलांनी, तेथे थांबू नये. पिण्याच्या पाण्याची पिंपे, अंथरुणे व भांडी झाकावीत किंवा हलवावीत. शेजारच्या खोल्यांची दारे-खिडक्या बंद ठेवण्याची विनंती करावी, कारण चाळीत एका खोलीचे छप्पर म्हणजे सर्वांचे छप्पर असते. पाणी पन्हळीतून टाकीकडे नेलेले असल्यास ती जोडणी तात्पुरती तोडावी.

रंगाऱ्याने नाकातोंडाला बांधलेला रुमाल किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी वापरला जाणारा कापडी मास्क येथे उपयोगाचा नाही. करोनाकाळात सर्वपरिचित झालेला एन-९५ मास्कही या कामासाठी पुरेसा मानला जात नाही. एफएफपी-३ दर्जाचा किंवा पी-१०० गाळणी बसविलेला अर्धमुखी मास्क वापरावा. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढीच्या खुंटांमधून हवा आत शिरते. अंगावर एकदा वापरून टाकून देण्याचा झगा असावा आणि तो घरी नेऊ नये.

६.३ वर्ज्य क्रिया

पुढील क्रिया कोणत्याही परिस्थितीत करू नयेत : पत्र्यावर कोरडा पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश चालविणे; पत्र्याने अथवा सुरीने जुना रंग खरवडणे; ग्राइंडर वा ड्रिल लावणे; दाबाच्या यंत्राने पाण्याचा फवारा मारणे; झाडूने झाडणे. दाबाच्या पाण्याने धूळ बसते असे वाटते, परंतु प्रत्यक्षात तो फवारा सिमेंटची वरची त्वचा सोलून काढतो आणि तंतुयुक्त चिखल शेजारच्या भिंतींवर व अंगणात उडवितो. तो चिखल वाळला की त्याचीच धूळ होते.

६.४ स्वच्छता

पत्रा प्रथम ओला करावा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब टाकल्यास ते पृष्ठावर नीट पसरते. हे पाणी झारीने किंवा हलक्या फवारणीने सोडावे. शेवाळावर शेवाळनाशक अथवा ब्लीचचे सौम्य द्रावण मारून ते मरू द्यावे. ब्लीचमध्ये आम्ल कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. मेलेले शेवाळ धड पत्र्यावरून मऊ ब्रशने किंवा ओल्या फडक्याने अलगद उचलावे, घासू नये. पाणी सतत ओले ठेवण्यापुरतेच वापरावे. पन्हळीच्या तोंडाशी जाड कापडाची गाळणी बांधून गाळ अडवावा व तो ओला असतानाच पिशवीत भरावा. फडकी पुन्हा धुऊन वापरू नयेत.

६.५ रंगाची निवड व लेपन

सिमेंट अल्कधर्मी असते. त्यावर तैलरंग दिल्यास तेलाचे साबणीकरण होते आणि वर्ष-दोन वर्षांत रंगाचे पोपडे निघतात. पोपड्यांबरोबर पृष्ठावरील तंतूही उखडतात आणि नव्या रंगासाठी पुन्हा खरवडण्याची पाळी येते. चुकीच्या रंगाचा खरा तोटा पैशांचा नसून, तो धोक्याची क्रिया वारंवार करावयास लावतो हा आहे. म्हणून अल्करोधक प्रायमर आणि त्यावर बाह्य वापराचा पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग हीच योग्य जोडी होय. पहिला हात पातळ असावा, म्हणजे तो आत मुरतो. लेपन मऊ रोलरने किंवा कमी दाबाच्या फवारणीने करावे. एकाच बाजूला पूर्णतः अभेद्य रंगाचा थर दिल्यास दोन्ही बाजूंच्या ओलाव्यात तफावत पडून पत्रा वाकण्याची व तडकण्याची शक्यता असते. हे लक्षात घेऊन वाफ जाऊ देणारा रंग निवडावा. वरून डांबर फासण्याची रीत गळती तात्पुरती थांबविते, पण काळा रंग खोलीचा ताप वाढवितो.

६.६ आतील बाजू

गणपती किंवा दिवाळीपूर्वी खोलीची रंगसफेदी करताना पत्र्याची आतील बाजू खरवडण्याची पद्धत आहे. बाहेरच्या कामापेक्षा हे अधिक जोखमीचे आहे, कारण बंद खोलीत तंतू दीर्घकाळ तरंगत राहतात आणि खाली अंथरूण, भांडी व पाणी असते. आतून जुना चुना घट्ट बसलेला असेल तर तो न छेडता ओल्या फडक्याने पुसून त्यावर रंग द्यावा. पोपडे सुटलेले असल्यास खरवडण्याऐवजी खालून हलके छत बसवावे. त्याचा आधार मात्र लोखंडी अँगलवरून घ्यावा; पत्र्याला भोक पाडून घेऊ नये.

७. छपरावरून पडण्याचा धोका

ॲस्बेस्टॉसची चर्चा तंतूंभोवती फिरते आणि त्या ओघात एक तातडीचा धोका नजरेआड होतो. सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलण्यासाठी बनविलेला नसतो आणि जुना पत्रा तर पूर्वसूचना न देता फुटतो. तंतूंचा परिणाम वीस वर्षांनी दिसतो. पत्रा फुटल्याचा परिणाम त्याच क्षणी दिसतो.

अनुभवी कारागीर बोल्टच्या रांगेवर पाय ठेवून चालतात, कारण तिच्याखाली लोखंडी अँगल असतो. परंतु एक पाऊल चुकले तरी आधार नाहीसा होतो आणि ओले शेवाळ किंवा ताजा रंग यांमुळे पाऊल चुकणे अगदी स्वाभाविक असते. शिवाय रंगाच्या थराखाली बोल्ट दिसेनासे होतात. म्हणून शक्य तेथे शिडी किंवा परातीवरूनच काम करावे व लांब दांड्याचा रोलर वापरावा. छपरावर जाणे अटळ असेल तर किमान दोन-तीन अँगलवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच वावरावे, कमरेला दोर असावा आणि तो पत्र्याला नव्हे तर भक्कम आधाराला बांधलेला असावा. काम चालू असताना खालची खोली रिकामी असावी. ओला पत्रा आरोग्याच्या दृष्टीने इष्ट, पण पायाच्या दृष्टीने घसरडा असतो. या विरोधाभासावर फळ्या व शिडी हेच उत्तर आहे.

८. कचऱ्याची विल्हेवाट

वादळात किंवा डागडुजीत फुटलेल्या पत्र्यांचे तुकडे गल्लीच्या भरणीत टाकणे, पायवाटेवर अंथरणे किंवा फोडून पोत्यात भरणे हे उपनगरांतील नेहमीचे दृश्य आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात अनेक घरांचे पत्रे उडाले. अशा वेळी तुकडे हाताने गोळा करून झाडूने जागा साफ केली जाते. वास्तविक तुकडे प्रथम ओले करून, न फोडता, जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी आवरणात बांधावेत व त्यावर ठळक सूचना लिहावी. फडकी, मास्कची गाळणी आणि झगे यांचीही तीच व्यवस्था करावी. ॲस्बेस्टॉसयुक्त उत्पादनांच्या कचऱ्याविषयी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ११७६८ हे मानक १९८६ पासून उपलब्ध आहे आणि सुरक्षित वापराविषयी आयएस ११७६९ हे आहे. २०१६ च्या घातक कचऱ्यासंबंधीच्या नियमांच्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसची धूळ व टाकाऊ ॲस्बेस्टॉस यांचा उल्लेख उत्पादन प्रक्रियांच्या संदर्भात येतो. मुंबई परिसरासाठी घातक कचऱ्याचे सामायिक विल्हेवाट केंद्र तळोजा येथे आहे. परंतु ही सारी व्यवस्था उद्योगांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आहे. चाळीतील एका कुटुंबाने दोन फुटके पत्रे तेथवर कसे पोहोचवावेत याची सुलभ सोय विभागपातळीवर होणे आवश्यक आहे.

९. जबाबदारीचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. हा खटला ॲस्बेस्टॉस कामगारांविषयीचा होता. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जतन करावी, असा आदेश न्यायालयाने दिला. आजार उशिरा प्रकट होतो हे वैद्यकीय सत्य या आदेशामागे होते. २०११ साली ‘कल्याणेश्वरी’ प्रकरणात न्यायालयाने ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी घालण्यास नकार दिला. मात्र १९९५ च्या निर्देशांचे पालन व्हावे याचा पुनरुच्चार केला. सिमेंटमध्ये बांधलेला क्रिसोटाइल नियंत्रित वापरात सुरक्षित राहतो, अशी उत्पादकांची भूमिका आहे. या भूमिकेतील ‘नियंत्रित’ हा शब्द कारखान्याच्या फाटकाच्या आत अर्थपूर्ण असू शकेल. चाळीच्या छपरावर तो नियंत्रक कोण, याचे उत्तर मिळत नाही.

रंगकाम करणारा माणूस बहुधा नाक्यावरून रोजंदारीने आणलेला असतो. आज मुलुंड, उद्या अंधेरी, परवा बोरिवली असे त्याचे काम चालते. चाळीस वर्षांची नोंद दूरच राहो, त्याने गेल्या चाळीस दिवसांत कोणकोणते पत्रे घासले याचीही नोंद कोठे नसते. तीस वर्षांनी त्याला धाप लागली तर त्या आजाराचा संबंध कोणत्याही छपराशी जोडता येणार नाही. म्हणून जो काम सांगतो, त्या घरमालकाने, सोसायटीने वा ठेकेदाराने काम सांगतानाच पत्रा ॲस्बेस्टॉसचा असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगणे, मास्क व फळ्या पुरविणे आणि घासकामाची अपेक्षा न ठेवणे हे किमान कर्तव्य ठरते. रंगारी हा बांधकाम कामगार या व्याख्येत बसतो. त्यामुळे महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्याची नोंदणी होण्यास साहाय्य करणेही शक्य आहे.

१०. महाविद्यालयांची भूमिका

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. अनेक महाविद्यालयांच्या आवारातील सायकल स्टँड, उपाहारगृह, जिमखाना व गच्चीवरील शेड यांवर हेच पत्रे आहेत. त्यांची पाहणी करून वर दिलेल्या तीन अवस्थांनुसार नोंद ठेवणे फारसे खर्चिक नाही. दुसरे असे की, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत शाळा, अंगणवाड्या व समाजमंदिरे रंगविण्याचे काम विद्यार्थी उत्साहाने करतात. छपरे पांढरी करण्याचा उपक्रमही अशा शिबिरांसाठी आकर्षक वाटतो. अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या हाती तारेचा ब्रश देऊन त्यांना सिमेंटच्या पत्र्यावर पाठविणे हे सेवाकार्य ठरू शकत नाही. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी छप्पर कशाचे आहे याची चौकशी आधी करावी आणि सिमेंटचा पत्रा असल्यास ते काम विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये. त्याऐवजी विद्यार्थ्यांना परिसरातील पत्र्यांची जमिनीवरूनच पाहणी व नोंद करण्याचे काम देता येईल. जनगणनेने जी मोजदाद वेगळी केली नाही, ती एका वॉर्डापुरती तरी यातून उभी राहू शकेल.

११. निष्कर्ष

१) ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या धड पत्र्याला योग्य रंग दिल्याने तंतू बांधले जातात, रंगकाम मुळात घातक नाही.
२) कोरडे घासणे, खरवडणे व दाबाने धुणे या पूर्वतयारीच्या क्रिया घातक असून त्या पूर्णतः टाळता येण्यासारख्या आहेत.
३) तैलरंगाऐवजी अल्करोधक प्रायमर व ॲक्रिलिक रंग वापरल्यास खरवडण्याचे प्रसंग कमी होतात.
४) पावसाच्या तोंडावर काम करण्यापेक्षा पावसानंतर करणे अधिक सुरक्षित आहे.
५) पत्रा फुटून पडण्याचा धोका तंतूंच्या धोक्याइतकाच गंभीर व अधिक तातडीचा आहे.
६) ठिसूळ पत्र्यास रंग देणे म्हणजे धोका झाकणे होय, तो बदललाच पाहिजे.
७) घरगुती पातळीवरील ॲस्बेस्टॉस कचऱ्यासाठी विभागवार संकलनाची सोय आवश्यक आहे.

छप्पर बदलणे हे प्रत्येक कुटुंबाच्या आवाक्यातील काम नाही आणि तोवर रंगाचा आधार घेण्यात गैर काही नाही. मात्र घराला सावली देणाऱ्या त्या रंगाची किंमत तो रंग लावणाऱ्याच्या श्वासातून वसूल होऊ नये, एवढी दक्षता काम सांगणाऱ्या प्रत्येकाला घेता येण्यासारखी आहे.